पानिपताच्या रणातून वानवडीच्या शिवालयाकडे : श्रीमंत महादजी शिंदे

बिबवेवाडीतील आपल्या देवस्थानात दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळजण परगावचे असतात. दर्शन व प्रसाद झाल्यानंतर परिसरात आणखी कोणती स्थाने पाहावीत, अशी पृच्छा न्यासाच्या कार्यालयात नित्य होत असते. वायव्येस पर्वती आहे. तिचे नाव सांगावे लागत नाही. ईशान्येस वानवडीत, भैरोबा नाल्याच्या परिसरात, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे एक शिवालय आणि त्यालगत एका थोर पुरुषाची समाधी आहे. शिंदे छत्री या नावाने हे स्थान प्रसिद्ध आहे, तरीही तिकडे वळणारे भाविक थोडेच. पर्वती आणि वानवडी ही दोन्ही स्थाने एकाच आपत्तीच्या धाग्याने जोडलेली आहेत, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, अर्थात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो संहार झाला, त्यानंतर एक पुरुष पर्वतीवर आपल्या देवापाशी आला आणि अवघ्या काही दिवसांत निवर्तला. दुसरा त्या रणातून अपंग होऊन परतला, पुढे तेहतीस वर्षे जगला आणि वानवडीच्या महादेवाच्या सान्निध्यात विसावला. पहिले नानासाहेब पेशवे, दुसरे महादजी शिंदे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वेकरून महादजींचे चरित्र सांगावयाचे आहे.

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील कण्हेरखेड हे शिंदे घराण्याचे मूळ गाव. तेथील पाटीलकी त्यांच्याकडे होती. महादजींचे वडील राणोजी शिंदे यांनी थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात पराक्रम गाजवून घराण्यास नावलौकिक मिळवून दिला. वाडी रत्नागिरीचा जोतिबा हे या घराण्याचे कुलदैवत. जोतिबाच्या डोंगरावरील आजचे मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजींनीच बांधविले. उज्जयिनीच्या महाकालेश्वराचे मंदिर कित्येक शतके भग्नावस्थेत होते. त्याचा जीर्णोद्धारही राणोजींच्या अमदानीत, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून झाला. देवकार्याची ही परंपरा महादजींना जन्मतःच लाभली होती. त्यांचा जन्म १७३० च्या सुमारास झाला. राणोजींच्या पाच पुत्रांत ते धाकटे. मातोश्रींचे नाव चिमाबाई. जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा हे वडील बंधू सावत्र, तर तुकोजी सख्खे. घराण्याचा कारभार आपल्याकडे येईल, असे महादजींनी तरुणपणी स्वप्नातही आणले नसेल.

परंतु एकेक करून बंधू गेले. जोतिबा बुंदेलखंडात ओरछा येथे मारले गेले. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दग्याने वध झाला. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी धारातीर्थी पडले. त्यांच्या अखेरच्या क्षणांची हकिकत मराठी मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. घराण्याचे नेतृत्व जयाप्पांचे पुत्र जनकोजी यांच्याकडे होते, आणि त्यांचे वय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे.

दत्ताजींच्या मृत्यूनंतर सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची मोठी फौज उत्तरेत गेली. या फौजेबरोबर सरदारांच्या बायकामुलांखेरीज हजारो यात्रेकरू होते, ही गोष्ट भाविकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तरेची वाट एकट्यादुकट्यास धोक्याची. सैन्याच्या आश्रयाने मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी ही तीर्थे घडतील, या आशेने दक्षिणेतील कितीतरी साधी माणसे निघाली होती. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यानंतर भाऊसाहेबांनी कुरुक्षेत्राकडे जाण्याचे योजिले, तोच अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेकडील वाट रोखली. त्यानंतर पानिपताच्या छावणीत अडीच महिने उपासमार सोसून, अखेर अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरावे, असा निश्चय झाला. त्या एका दिवसात विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले, इब्राहिमखान गारदी गेला, शिंद्यांपैकी तुकोजी पडले, जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. सरदारांची नावे इतिहासाने जपली. गंगेचे पाणी घरी आणावयाचे म्हणून निघालेल्या यात्रेकरूंची नावे मात्र फारशी कोठे नोंदलेली नाहीत.

महादजी त्या रणातून घोडीवर बसून दक्षिणेच्या वाटेस लागले. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला. घोडी थकून एका खड्ड्यात कोसळली आणि मागून आलेल्या स्वाराने त्यांच्या गुडघ्यावर शस्त्राचा घाव घातला. अंगावरील चीजवस्तू काढून घेतली आणि मेला असे समजून तो निघून गेला. त्या अवस्थेत पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या एका भिस्त्याने पाहिले. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. त्याने त्यांना उचलले, आपल्या बैलावर घातले आणि मजल दरमजल करीत दक्षिणेकडे आणले. पाय कायमचा अधू झाला. पुढे मोठे वैभव प्राप्त झाल्यावरही तो अफगाण स्वार आपल्या स्वप्नात येतो, असे महादजी सांगत असत. इंग्रज इतिहासकारांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ज्या पुरुषाने पुढे दिल्लीचे तख्त हाताळले, त्याची झोप तीस वर्षे त्या एका स्वाराने मोडावी, यावरून पानिपताचा घाव किती खोल होता हे कळते.

इकडे महाराष्ट्रात कित्येक आठवडे नेमकी वार्ता कळत नव्हती. कोण पडले, कोण कैद झाले, कोण रानावनांतून परत येत आहे, याचा थांग लागेना. घराघरांतील बायका देव पाण्यात घालून बसल्या. कुलदैवतांना नवस बोलले गेले, ज्योतिषांना प्रश्न विचारले गेले, साधुसंतांच्या आणि फकिरांच्या पायांवर लोटांगणे घातली गेली. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. त्या जीव वाचवून परतल्या, परंतु पती गेले हे त्यांनी कधीच मानले नाही. अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरविली नाहीत. ज्यांचे प्रेत दृष्टीस पडले नाही, त्यांच्यासाठी रडावे की वाट पाहावी, हा प्रश्न हजारो घरांपुढे होता. आजही मराठी माणूस सर्वनाशाला पानिपत झाले असे म्हणतो आणि अचानक आलेल्या संकटाला संक्रांत कोसळली असे म्हणतो. ही भाषा त्या वर्षीच्या दुःखाने रूढ केली नसली, तरी तिला अर्थ त्या दुःखाने दिला.

याच काळातील एक कथा मराठवाड्यात बीड शहरी सांगितली जाते. बीडमध्ये मन्सूरशाह नावाचे एक सूफी सत्पुरुष राहत असत. महादजींचा पत्ता लागत नाही, असे कळल्यावर त्यांच्या पत्नी, ज्यांचे माहेर बीडकडचे होते असे परंपरा सांगते, मन्सूरशाहांकडे गेल्या आणि पतीसाठी प्रार्थना करावी अशी विनंती त्यांनी केली. सत्पुरुषांनी आशीर्वाद दिला, महादजी जिवंत परत येतील असे आश्वासन दिले, आणि काही काळाने महादजी खरोखरच परत आले. त्या दिवसापासून महादजींनी मन्सूरशाहांना गुरुस्थानी मानले. पुढे वैभवाच्या काळात त्यांनी गुरूंना आपल्याकडे उत्तरेत येण्याची प्रार्थना केली, परंतु ते गेले नाहीत. आपल्याऐवजी त्यांनी पुत्र हबीबशाह यांना पाठविले. या कथेत पुष्कळदा ग्वाल्हेरचा उल्लेख येतो. वस्तुतः ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी महादजींच्या मागून, दौलतरावांच्या काळात झाली. तेव्हा लोककथेने स्थळ थोडे मागेपुढे केले असावे. मूळ गोष्टीस त्यामुळे बाध येत नाही. बीड शहरात मन्सूरशाहांचा दर्गा आजही आहे आणि शिंदे घराण्याने या सत्पुरुषाविषयीचा आदर पिढ्यान्पिढ्या जपला.

हिंदू देवस्थानाच्या पुस्तिकेत मुसलमान सत्पुरुषाची कथा वाचून एखाद्या भाविकास नवल वाटेल. परंतु महाराष्ट्राच्या परंपरेस ते नवे नाही. मालोजीराजे भोसले श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना गुरू मानीत. योगसंग्राम हा ग्रंथ लिहिणारे शेख महंमद वारकऱ्यांनाही संत म्हणून वंद्य आहेत. अहमदनगरच्या शाहशरीफांना केलेल्या नवसाने झालेल्या पुत्रांची नावे मालोजींनी शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, हे सर्वविश्रुत आहे. त्यातही महादजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी वाटते. पानिपतावर त्यांचे सर्वस्व अफगाणांनी हिरावले. त्याच रणात एका मुसलमान भिस्त्याने त्यांना उचलले आणि एका मुसलमान फकिराने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ज्यांनी मारले ते आणि ज्यांनी तारले ते यांचा हिशेब महादजींनी धर्माच्या नावाने मांडला नाही, माणसांच्या नावाने मांडला. हा विवेक दुःखाच्या भरात ठेवणे सोपे नसते.

आता थोडे पर्वतीविषयी. पर्वतीवरील श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले. टेकडीवर पूर्वीपासून पर्वताई देवीचे ठाणे होते आणि नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाची व्याधी तेथील नवसाने बरी झाली, अशी आख्यायिका आहे. नानासाहेबांच्या कारकीर्दीत पुणे खऱ्या अर्थाने नगर झाले. पेठा वसल्या, कात्रजचे पाणी नळाने शहरात आले, मराठ्यांचे निशाण अटकेपर्यंत गेले. पानिपताची वार्ता त्यांना जानेवारीच्या अखेरीस, उत्तरेकडे कूच करीत असता, भेलसा येथे मिळाली. सावकारांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या एका पत्रातून पुत्राच्या व बंधूच्या मृत्यूची बातमी त्यांना कळली. त्यांच्या धोरणातील चुकांची आणि मदत पोहोचविण्यातील दिरंगाईची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे, आणि ती अनाठायी नाही. ते परत फिरले. प्रकृती ढासळत गेली, बुद्धीही स्थिर राहिली नाही. पुण्यास आल्यावर ते शनिवारवाड्यातून पर्वतीवर राहावयास गेले आणि तेथेच ज्येष्ठ वद्य षष्ठीस, २३ जून १७६१ रोजी, वयाच्या चाळीसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. वैभवाच्या काळात बांधलेले देऊळ विपत्तीच्या काळात त्यांच्या उपयोगी पडले ते एवढेच, की अखेरचा श्वास घेण्यास जागा मिळाली. पर्वतीवरील त्यांच्या स्मारकापाशी भाविकांनी क्षणभर अवश्य थांबावे.

त्यांच्या मागून सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदी आले. माधवरावांचे आराध्य थेऊरचा चिंतामणी. त्यांच्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. माधवराव जपानुष्ठानात फार वेळ घालवू लागले, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी, राज्य करावयाचे नसेल तर गंगातीरी जाऊन स्वस्थ जप करावा, अशी स्पष्ट समज त्यांना दिली आणि माधवरावांनी ती मानली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, पानिपतानंतरच्या त्या पिढीपुढे कोणता पेच होता, हे ती अचूक सांगते. दुःखाने देवाकडे वळलेला माणूस देवापाशीच बसून राहतो की तेथून उठून कामास लागतो, याकडे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे डोळे लागले होते.

महादजी कामास लागले. परंतु तेही सहजासहजी घडले नाही. घराण्यातील वारशाचा वाद सात-आठ वर्षे चालला. राघोबादादांचा कल इतरांकडे होता. अखेर १७६८ च्या सुमारास माधवराव पेशव्यांनी महादजींच्या हाती शिंद्यांची सरदारी दिली. त्यानंतर केवळ तीन वर्षांत, फेब्रुवारी १७७१ मध्ये, मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या बादशहा शाहआलमास महादजींनी त्याच्या राजधानीत आणून तख्तावर बसविले. पानिपतास तेव्हा अकरा वर्षे होत होती. पुढे १७७९ मध्ये वडगाव मावळ येथे इंग्रजांचा पाडाव, १७८२ मधील सालबाईचा तह, १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे मिळालेली वकील-इ-मुतलक ही बादशाहीतील सर्वोच्च पदवी, या सर्व घटना इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहेत. येथे त्यांचा केवळ निर्देश पुरे. मध्यंतरी १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत त्यांना मोठी माघारही घ्यावी लागली. तीतूनही ते सावरले.

मात्र एक प्रसंग विस्ताराने सांगितला पाहिजे. पानिपतास अब्दालीला बोलावून आणणाऱ्यांत नजीबखान रोहिला हा प्रमुख होता. त्याचा नातू गुलाम कादिर याने १७८८ मध्ये दिल्ली बळकावून वृद्ध शाहआलमाचे डोळे काढले आणि राजवाड्यातील स्त्रियांचा अनन्वित छळ केला. महादजींनी त्याच्यावर जी फौज पाठविली, तिच्या प्रमुखांत राणेखान होता. पानिपताच्या वाटेवर घायाळ महादजींना बैलावर घालून आणणारा तोच हा भिस्ती. महादजींनी त्यास भाऊ मानले होते, त्याच्या नावापुढे भाई ही उपाधी लावली होती आणि आपल्या लष्करात मोठ्या अधिकारावर नेमले होते. त्याने गुलाम कादिरला मेरठच्या किल्ल्यात कोंडले. पळून जाताना तो पकडला गेला. त्यास जी शिक्षा झाली ती भीषण होती. तिचे वर्णन या पुस्तिकेत करणे उचित नाही, परंतु महादजींचे भक्तहृदय सर्वकाळ मृदू होते असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून उल्लेख केला. ते राजकारणी पुरुष होते आणि त्यांच्या हातून कठोर कर्मेही घडली.

उत्तरेत महादजींचा मुक्काम प्रामुख्याने मथुरेस असे. पानिपताहून जीव घेऊन पळालेल्या मराठ्यांना अन्नवस्त्र मिळाले होते ते याच परिसरात, भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या आश्रयाने. ज्या भूमीत आपली माणसे उपाशीतापाशी, अर्धनग्न अवस्थेत पोहोचली, तेथेच महादजींनी आपले ठाणे केले. ते श्रीकृष्णाचे परमभक्त झाले. भजन-कीर्तनात रमू लागले आणि स्वतः मराठी व व्रज भाषेत भक्तिपर पदे रचू लागले. या रचनांचा संग्रह माधवविलास या नावाने ओळखला जातो. मथुरा-वृंदावन या तीर्थांचा कारभार पेशव्यांकडे यावा, तसेच बादशाही मुलुखात गोवध बंद व्हावा, यासाठी त्यांनी शाहआलमाकडून १७९० च्या सुमारास फर्माने मिळविली. पानिपताच्या यात्रेकरूंना ज्या तीर्थांचे दर्शन घडले नाही, त्या तीर्थांची वाट मराठी माणसासाठी मोकळी करण्याचे काम त्या संहारातून वाचलेल्या एका पुरुषाने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळातील आणखी एक घटना त्या युगाचा स्वभाव दाखविते. १७८९ मध्ये मथुरेस असताना महादजी गंभीर आजारी पडले. अंगावर गळवे उठली आणि कोणत्याही औषधाने उतार पडेना. हिंमतबहादूर गोसावी याने चेटूक करविले, असा संशय घेतला गेला आणि त्यावरून मोठे राजकारण पेटले. दुःखात माणूस श्रद्धेकडे वळतो तसा भयाने भलत्याच समजुतींकडेही वळतो, आणि या दोहोंतील सीमारेषा थोरांनाही नेहमी ओळखता येत नाही. चरित्रात हा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

संतांच्या संगतीविषयीची एक कथा मात्र अतिशय गोड आहे. गोमंतक व सावंतवाडी प्रांतात होऊन गेलेले नाथपंथी संत सोहिरोबानाथ आंबिये उत्तरेत गेले असता, महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी यांनी त्यांची आणि महादजींची भेट घडवून आणली. जिवबादादा हेही मूळचे गोमंतकाकडील. महादजींनी मोठ्या हौसेने आपली पदे या संतांपुढे ठेवली. सोहिरोबांनी ती वाचली आणि त्यांत काही सत्त्व नाही, असा निर्वाळा तोंडावर दिला. दरबार स्तब्ध झाला. ज्याच्या शब्दावर दिल्लीचा बादशहा हलतो, त्याची कविता एका फाटक्या वस्त्रांच्या साधूने अशी धुडकावून लावावी! धन्याची पर्वा नसल्याचे एक पद तेथल्या तेथे रचून सोहिरोबा निघून गेले, असे परंपरा सांगते. महादजींनी त्यांना कसलाही उपद्रव दिला नाही. बीडचे मन्सूरशाहही बोलावल्यावर आले नव्हतेच. महादजींच्या वाट्यास आलेले दोन्ही सत्पुरुष त्यांच्या वैभवास न भुलणारे निघाले, आणि त्यांना तसेच सत्पुरुष आवडत असावेत.

जून १७९२ मध्ये महादजी बारा वर्षांनंतर पुण्यास आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी आणलेली वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे तरुण सवाई माधवरावांना अर्पण करण्याचा सोहळा गारपिरावर उभारलेल्या शामियान्यात थाटाने झाला. त्या भेटीतील एक प्रसंग सर्वतोमुखी आहे. महादजी हत्तीवरून दूरवरच उतरले, पायी चालत दरबारात आले, सर्वांत खालच्या जागी बसले आणि बगलेतील रुमालातून नवे जोडे काढून त्यांनी पेशव्यांच्या पायांत घातले. आपल्या वडिलांचा व्यवसाय हाच, आपण पाटीलच, असा त्यांचा भाव होता. नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्यांना या नम्रतेत राजकारण दिसले, आणि तेही सर्वस्वी खोटे नसेल. परंतु पाटीलबावा हे संबोधन त्यांनी आयुष्यभर मानाने मिरविले, एवढे खरे.

पुण्यातील दीड वर्ष हिशेबांच्या तंट्यांत आणि दरबारातील चढाओढीत गेले. वानवडी येथे त्यांचा तळ होता. तेथेच त्यांनी महादेवाचे मंदिर उभारण्यास हाती घेतले. ज्वराचे निमित्त होऊन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यांचे निधन झाले आणि मंदिराच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. त्यांना पुत्र नव्हता. गादीवर आले ते पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू दौलतराव. महादजींच्या स्त्रिया आणि दौलतराव यांच्यातील पुढील कलह फार कटू आहे. तो येथे नको.

आज शिंदे छत्री येथे गेल्यावर प्रथम शिवालयाचे दर्शन घ्यावे. मंदिराचे दगडी काम व शिखरावरील मूर्ती पाहण्याजोग्या आहेत. लगतचे प्रशस्त सभागृह पुढील काळात ग्वाल्हेरच्या वंशजांनी बांधविले असून त्याच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत आणि भिंतींवर घराण्यातील पुरुषांची चित्रे आहेत. जिथे महादजींवर अग्निसंस्कार झाला तिथे समाधी आहे. बिबवेवाडीहून रिक्षाने हे स्थान फारसे दूर नाही. सकाळची वेळ शांत असते. पादत्राणे बाहेर ठेवावीत, सभागृहात मोठ्याने बोलू नये. ज्या भाविकांना एकाच दिवसात पर्वती आणि वानवडी दोन्ही करावयाची असतील, त्यांनी प्रथम पर्वतीवर जावे, श्रीदेवदेवेश्वराचे आणि नानासाहेबांच्या स्मारकाचे दर्शन घ्यावे आणि मग वानवडीस यावे. ऊन वाढण्यापूर्वी पर्वतीच्या पायऱ्या चढून होतात. संक्रांतीच्या दिवसांत येणाऱ्यांनी तिळगूळ वाहताना पानिपतावरील अनामिक यात्रेकरूंच्या नावे एक ओंजळ पाणीही सोडावे.